गेलिक फुटबॉलचा मिडफिल्डर, करिअर आणि आमचा जॅको

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मुलगा १३ वर्षांचा, अंगानं उंच, म्हणून क्लबच्या कोचनी त्याला मिडफिल्डला उभं केलंय, तर त्यानं कोणाचा खेळ बघावा. आणि ह्या आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये पुढे काही करिअर होतं का, का नुसताच अभ्यासाचा खेळखंडोबा. मी डब्लिनजवळच्या लीक्सलिपला १४ वर्षं राहतोय, लेक ८ वर्षांची असल्यापासून इथल्या मैदानावर आहे, आता तिच्या टीमच्या ट्रेनिंगला मीही मदत करतो, त्यामुळे जे बघितलंय ते सगळं सांगतो, जरा लांबेल.

करिअरचं आधी. पगार नाही. कोणालाच नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२ हजार माणसांसमोर ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल खेळलेला पोरगासुद्धा त्याच आठवड्यात आपल्या नोकरीवर हजर असतो, कोणी शिक्षक, कोणी गार्डा (पोलीस), कोणी शेतकरी. जीएए, म्हणजे हा खेळ चालवणारी संघटना, १८८४ ला स्थापन झाली तेव्हापासून खेळ हौशीच आहे, प्रवासाचा खर्च मिळतो, मोठ्या नावांना थोडंफार जाहिरातीचं मिळतं, पण पोट दुसऱ्या कामावर. आणि ट्रान्सफर मार्केट वगैरे प्रकारच नाही, सहसा ज्या गावात वाढलात त्या गावचा क्लब, ज्या काउंटीत वाढलात ती काउंटी. मी कोल्हापूरचा, पेठेच्या तालमीचा फुटबॉल बघत मोठा झालो, त्यामुळे मला हे पहिल्या दिवशीच कळलं, आपल्या पेठेचा पोरगा समोरच्या पेठेकडून खेळेल का हो?

आता मिडफिल्डर. सॉकरचा मिडफिल्डर डोक्यातून काढून टाका. इथे एका बाजूला १५ जण आणि त्यात मिडफिल्डला फक्त दोघं. गोलकीपर किकआउट, म्हणजे खेळ परत सुरू करणारी किक, मारतो, बॉल उंच जाऊन मैदानाच्या मध्यावर उतरतो, आणि खाली दोन्हीकडचे मिळून चार उंच गडी एकाच वेळी उडी घेतात. ज्याच्या हातात तो बॉल स्वच्छ बसला त्याच्या टीमचा हल्ला सुरू, बाकीचे ११-१२ जण तोंड फिरवून उलटे पळतात. हा हाय कॅच म्हणजे ह्या खेळाचा जीव आहे. मग बॉल घेऊन चार पावलं, त्यानंतर एकदा टप्पा किंवा बुटाच्या टोकावर टाकून परत हातात, लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. एच आकाराच्या खांबांत बारवरून गेला की १ पॉइंट (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर २), बारखालून जाळीत गेला की गोल, म्हणजे ३. स्कोअर १-१२ असा दिसला तर घाबरू नका, १ गोल आणि १२ पॉइंट, एकूण १५.

आणि आता ज्याचा खेळ बघायचा तो माणूस. जॅक ओ’शे, सगळे जॅकोच म्हणतात. जन्म १९५७, गाव कॅहरसिव्हीन, केरी काउंटीच्या पार नैर्ऋत्य टोकाला, पुढे समुद्रच. धंद्यानं प्लंबर. १९७५ ला केरीच्या मायनर (१८ वर्षांखालच्या) टीमबरोबर ऑल-आयर्लंड, मग २१ वर्षांखालची लागोपाठ तीन, १९७७ ला सीनियरमध्ये आला तेव्हा सेमीफायनलला डब्लिननं हरवलं, आणि तिथून पुढे १९७८, ७९, ८०, ८१ अशी सलग चार ऑल-आयर्लंड. कोच होते मिक ओ’ड्वायर, तेही त्याच भागातल्या वॉटरव्हिलचे, आणि ते पळवायचे म्हणजे जीव निघेपर्यंत पळवायचे. जॅकोला ते पचलं. त्याच्याआधीचा मिडफिल्डर बहुतेक मध्यावरच थांबून उडी मारायचा, हा गडी आपल्या गोलसमोर बॉल हिसकावून घ्यायचा आणि थोड्याच वेळात समोरच्या गोलसमोर हजर. १९८१ ची ऑफलीविरुद्धची फायनल शोधून बघा, केरीचा बॉल ह्याच्या हातातून त्याच्या हातात फिरत फिरत मैदानाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो आणि शेवटी धावत येऊन जाळीत मारणारा जॅको, म्हणजे ज्यानं मध्यावर असायचं तो. मी तो गोल लेकीला किती वेळा दाखवला असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी तिला म्हणतो बॉलकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ, बॉल त्याच्याकडे यायच्या कितीतरी आधी तो पळायला लागलेला असतो.

पण मला त्याच्या करिअरमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं, १९८२ आणि ८३. १९८२ ला केरी सलग पाचव्या कपासाठी खेळत होती, हे तोवर कोणालाच जमलं नव्हतं, समोर परत ऑफलीच, मॅच संपायला दोनेक मिनिटं आणि बदली म्हणून आलेल्या शेमस डार्बीनं गोल मारला. ऑफली १-१५, केरी ०-१७. एका पॉइंटनं गेला पाचवा कप. पुढच्या वर्षी, १९८३ ला, जॅको कॅप्टन. केरीत कॅप्टन निवडायचा मान काउंटी चॅम्पियन टीमला असतो, तेव्हा ती साउथ केरी होती, म्हणजे त्याच्याच भागातली. तर कॅप्टन म्हणून मन्स्टर, म्हणजे केरीच्या प्रांताची फायनल, कॉर्कविरुद्ध, आणि पुन्हा अगदी शेवटी टाइग मर्फीचा गोल. परत एका गोलनं सगळं गेलं. ज्या वर्षी सॅम मॅग्वायर कप, म्हणजे ऑल-आयर्लंडचा कप, त्यानं स्वतः उचलायचा, त्या वर्षी केरी क्रोक पार्कपर्यंत पोचलीच नाही, आणि कॅप्टनपद परत त्याच्याकडे फिरकलं नाही. सात मेडलं आहेत त्याच्याकडे पण कॅप्टन म्हणून कप उचललेला एकही फोटो नाही. मला हे वाचून खरंच गलबलून आलं होतं.

आणि मग बघा, १९८४, ८५, ८६, परत लागोपाठ तीन ऑल-आयर्लंड. ८४ ला शेजारी मिडफिल्डला अँब्रोझ ओ’डोनोवन, तोच कॅप्टन, ह्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या कॅप्टनसीखाली राबायचं आलं आणि त्या वर्षी फुटबॉलर ऑफ द इयर कोण तर जॅको. ८५ ला डब्लिनविरुद्ध फायनलमध्ये पेनल्टीवर गोल, परत फुटबॉलर ऑफ द इयर. १९८० आणि ८१ चे दोन धरून असे चार वेळा, आणि ऑल-स्टार (वर्षातल्या सर्वोत्तम १५ जणांची टीम) १९८० ते ८५ सलग सहा वर्षं. १९९२ ला क्लेअरनं मन्स्टर फायनलला हरवलं तेव्हा थांबला. नंतर मेयोचा मॅनेजर वगैरे झाला, पण त्यात फार काही नाही.

केरीकडून खेळत असतानाच तो राहायला आला आमच्या लीक्सलिपला, पुढे इथल्या क्लबकडूनही खेळला. इथून केरीतलं किलार्नी जवळपास ३०० किलोमीटर आणि तेव्हा आजच्यासारखे मोटरवे नव्हते. दिवसभर पाइपांचं काम करायचं आणि केरीच्या जर्सीसाठी तंदुरुस्त राहायचं, कोणी एक पैसा देत नसताना. तुम्ही करिअर म्हणालात ना, तर इथे ते असं दिसतं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम कॅहरसिव्हीनला गेलो. गावाजवळ रीनार्डचा धक्का आहे, तिथून व्हॅलेन्शिया बेटावर गाड्यांची फेरी जाते, समोरच्या नाइट्सटाउनचा घड्याळाचा टॉवर इकडूनच दिसतो, पाचेक मिनिटांचा प्रवास. लेक रेलिंगला धरून उभी होती, तिला म्हटलं हे पाणी नीट बघून घे. ह्या काठचा जॅको आणि त्या काठचा मिक ओ’कॉनेल. ओ’कॉनेल १९३७ चा, बेटावरच्या केबल (समुद्राखालच्या तारेच्या) स्टेशनमध्ये कामाला, चार ऑल-आयर्लंड, १९५९, ६२, ६९ आणि ७०. बेटाला पूल झाला १९७१ ला, तोवर मॅचला जायचं म्हणजे आधी होडी वल्हवत मुख्य जमिनीवर यायचं. १९५९ ला तो कॅप्टन होता, जिंकल्यावर कप ड्रेसिंग रूममध्येच राहिला आणि हा सरळ घरी बेटावर निघून गेला, ही गोष्ट केरीत आजही सांगतात. १९८४ ला जीएएला शंभर वर्षं झाली तेव्हा शतकाची टीम निवडली, सगळ्या आयर्लंडमधून मिडफिल्डला दोघंच घ्यायचे होते, आणि ते दोघं कोण तर हे, ह्या पाच मिनिटांच्या पाण्याच्या दोन बाजूंचे! लेक काही बोलली नाही, पण परतीच्या फेरीत तिनं बॅगेतून बॉल काढून हातात धरून ठेवला होता.

आत्ताच्या काळातला हवा असेल तर डब्लिनचा ब्रायन फेंटन. २०१५ ते २०२४, सात ऑल-आयर्लंड, २०१८ आणि २०२० चा फुटबॉलर ऑफ द इयर, शिक्षणानं फिजिओथेरपिस्ट. २०२१ ला मेयोनं हरवेपर्यंत चॅम्पियनशिपमध्ये एकही मॅच हरला नव्हता, सहा वर्षं. पण त्याचा काळ छोट्या किकआउटचा, गोलकीपर स्टीफन क्लक्स्टन जवळच्या मोकळ्या माणसाला बॉल द्यायचा, त्यामुळे उंच उड्या कमी झाल्या होत्या. २०२५ पासून नियम बदलले, किकआउट गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेर जायलाच हवा, आणि मध्यावरच्या उड्या परत आल्या. तुमच्या मुलाची वेळ चांगली आहे.

घरी काय करून घ्यायचं ते सांगतो. बॉल भिंतीवर उंच मारायचा आणि परत येताना एका पायावर उडी घेऊन डोक्याच्या वर, जरा पुढे धरायचा, छातीशी येईपर्यंत थांबायचं नाही. बोटं पसरलेली, अंगठे जवळजवळ, बॉलच्या मागे, नाहीतर ओला बॉल मधून निसटून नाकावर बसतो. आमच्या लेकीचं दीड महिना रोज तेच झालं, आणि एका पावसाळी संध्याकाळी तिनं दोघींच्या डोक्यावरून बॉल काढला, तो थप्प आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू आला. दोन्ही पायांनी किक शिकवा, आत्ताच, नंतर डावा पाय वळवणं जड जातं. उंचीचं फार मनावर घेऊ नका, उडी कधी घ्यायची हे ज्याला कळतं तो बॉल घेऊन जातो.

आणि ट्रेनिंग असो की मॅच, गमशील्ड (दातांचं कवच) बॅगेत हवंच. ते तोंडात नसेल तर खेळू देत नाहीत.