कालवं पहिल्यांदा घरी करताना

कच्च्या कालवांचा (ऑयस्टरचा) बेत आधी डोक्यातून काढा. लिंबू पिळलं की जंतू मरतात, हा निव्वळ गैरसमज. तिखटानं मरत नाहीत, दारूनंही नाही. व्हिब्रिओ नावाचा जंतू कोमट खाऱ्या पाण्यात वाढतो, आणि कालव तर खाडीचं पाणी गाळूनच पोट भरतं. पाण्यात सांडपाणी असेल तर तेही त्याच्या पोटात. ज्यांना लिव्हरचा त्रास आहे त्यांनी तर कच्च्याच्या वाटेला जाऊच नये.

शिंपीसकट मिळाली तर बोटानं टिचकी मारून बघा. उघडी शिंपी मिटली नाही तर कालव मेलेलं, टाकून द्या. गोड्या पाण्यात भिजवू नका, हवाबंद डब्यातही नको. ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवा. उकळत्या पाण्यात शिंपी उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटं शिजू द्या. न उघडलेली फेका, चाकूनं उचकटत बसू नका.

आपल्याकडे बाजारात बहुतेक सोललेलाच वाटा मिळतो. वास समुद्राचा हवा, आंबूस नको. धुताना एकेक कालव बोटांत चाचपा, शिंपीची कच राहते. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, सोलं (आमसुलं) घालून सुकं करा. पण आधी ३ मिनिटं तरी खळखळून उकळी हवीच, आकसली तरी चालतील.