उपासनेला दहापैकी गुण

ख्रिस्ती कुटुंबांसाठी समुपदेशन करताना एक प्रश्न वारंवार ऐकू येतो आणि तो विचारताना माणसांचा आवाज नकळत खाली जातो. ‘इतकी वर्षे दर रविवारी चर्चमध्ये जातो, गीते गातो, प्रार्थना करतो, पण हे सारे देवाला आवडते आहे की नाही, हे मला कळावे कसे?’ मुलांचे वागणे, लग्नातला ताण, नोकरीतली अडचण अशा दुसऱ्याच कारणाने आलेली व्यक्तीही काही भेटींनंतर या प्रश्नापाशी येऊन थांबते. पुढे सांगते आहे तो अनुभव नाशिकमधल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांच्या संमतीने तो लिहीत आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आणि तरुणपणापासून शरणपूर भागातल्या आपल्या मंडळीच्या गायकवृंदात गाणारे. त्यांच्या पत्नीने त्यांना माझ्याकडे आणले, कारण गेल्या काही महिन्यांपासून ते प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेत नव्हते. बाकीची मंडळी पुढे जाऊ लागली की हे बाकावर मान खाली घालून बसत आणि घरी आल्यावर कोणाशी बोलत नसत. पाळकसाहेबांनी विचारले, तेव्हा ‘मन तयार नाही’ एवढेच उत्तर त्यांनी दिले होते.

सुरुवात घरातूनच झाली होती. त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी मैत्रिणींबरोबर सिडकोतल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. तिथे गिटार आणि ड्रमच्या साथीने तासभर स्तुती चालते, लोक हात उंचावतात, रडतात, मोठ्याने प्रार्थना करतात. एका रविवारी घरी परतल्यावर ती म्हणाली, “पप्पा, आपल्या चर्चमध्ये सगळे पुस्तकातून वाचतात. तिथे कोणाच्या मनात काही होते का?” बोलून ती विसरली असावी, वडील विसरले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते तिच्याबरोबर त्या हॉलमध्ये गेले. आजूबाजूची माणसे अश्रू ढाळत असताना आपल्याला काहीच वाटत नाही, हे पाहून ते घाबरले. दोष चर्चमध्ये नाही, आपल्यातच आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

मग त्यांनी एक वही केली. दर रविवारी उपासनेनंतर ते स्वतःला दहापैकी गुण देत. पापांगीकाराच्या वेळी मन कुठे होते, दुसऱ्या गीताच्या वेळी कारखान्यातल्या मशीनचा विचार आला का, उपदेशातले किती आठवते, प्रार्थनेत डोळे ओलावले का, याच्या नोंदी त्यात होत्या. ही वही त्यांनी मला दाखवली. गुण हळूहळू खाली येत गेले होते आणि शेवटच्या काही पानांवर नुसती शून्ये होती.

मी त्यांना विचारले, “किती गुण मिळाले म्हणजे उपासना देवाला आवडली असे तुम्ही धराल?” त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “ताई, दहा मिळाले असते तरी मी विश्वास ठेवला नसता.” हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. गुण कमी आहेत ही त्यांची अडचण नव्हतीच, कारण ते ज्या परीक्षेला बसले होते तिच्यात उत्तीर्ण होण्याची सोयच नव्हती. नाशिकमध्ये द्राक्षाची काडी लावल्यावर मूळ धरले का हे पाहण्यासाठी कोणी ती रोज उपटून बघत नाही, आणि हे गृहस्थ मात्र आपल्या मनाशी नेमके तेच करत होते.

इथे मला जे सांगायचे आहे ते थेट सांगते. या चिंतेत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते सोडवून वेगळे केल्याशिवाय कोणतेही उत्तर माणसाला शांती देत नाही. देव माझा आणि माझ्या उपासनेचा स्वीकार कशाच्या आधारावर करतो, हा पहिला प्रश्न. माझ्या उपासनेत काय खोटे किंवा अपुरे आहे आणि ते कसे सुधारावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ख्रिस्ती विश्वासाने कधीच उपासकाच्या मनःस्थितीत शोधलेले नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विश्वासणारे जे आध्यात्मिक यज्ञ अर्पण करतात ते येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाला मान्य होतात असे म्हटले आहे. अर्पण करणाऱ्याच्या तल्लीनतेचा तिथे उल्लेख नाही. आपल्या प्रार्थनेच्या शेवटी आपण ‘येशूच्या नावाने’ म्हणतो त्याचा अर्थही हाच आहे. दुसरा प्रश्न खरा आहे, आवश्यक आहे, पण तो विचारायचा तो स्वीकारले गेलेल्या मुलाने, दाराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या उमेदवाराने नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याची किंमत म्हणून द्यायला निघालेला माणूस एक तर या गृहस्थांसारखा खचतो किंवा मंदिरात उभ्या राहिलेल्या परूश्यासारखा, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसासारखा, फुगतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला तो परूशी देवासमोर आपल्या उपवासांचा आणि दशमांशांचा हिशेब मांडतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो मात्र मान वर न करणारा, लोकांनी पापी ठरवलेला जकातदार.

प्रभुभोजनाचा विषय मी लगेच काढला, कारण ते टाळण्यामागे त्यांना पवित्र शास्त्राचाच आधार वाटत होता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल अयोग्य रीतीने भाकर खाण्याविषयी कडक इशारा देतो, आणि अनेक संवेदनशील विश्वासणारे त्या इशाऱ्याच्या धाकाने मागे थांबतात. आम्ही तो अध्याय सतराव्या वचनापासून सावकाश वाचला. करिंथ येथे घडत काय होते? एकत्र जेवताना काही जण आधीच खाऊन घेत, गरीब उपाशी राहत आणि कोणी पिऊन मस्त होत असे. पौलाचा संताप कोणाचे मन भटकले यावर नाही. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवले जात होते, यावर आहे. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो माणसाने स्वतःची परीक्षा करावी म्हणतो, तेव्हा वाक्य तिथे संपत नाही. परीक्षा करावी आणि मग खावे, असे ते वाक्य आहे. परीक्षेचा शेवट मेजापाशी होतो. ते गृहस्थ हे वचन लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याचा उत्तरार्ध त्यांनी त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन वाचला, असे ते म्हणाले.

त्यानंतर वहीकडे पुन्हा वळलो. मी त्यांना एकच गोष्ट शोधायला सांगितली: या सगळ्या पानांत तुमच्याशिवाय दुसरा माणूस कुठे आहे? कुठेही नव्हता. पत्नी नव्हती, शेजारी बसणारा नव्हता, कारखान्यातले कामगार नव्हते. उपासना देवाला नापसंत होण्याची कारणे पवित्र शास्त्रात जिथे जिथे स्पष्ट सांगितली आहेत, तिथे मात्र दुसरा माणूस जवळजवळ नेहमीच हजर असतो. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा. त्या लोकांना गाता येत नव्हते किंवा त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नव्हते म्हणून तो हे म्हणत नाही. वेशीत गरिबांचा न्याय डावलला जात होता आणि त्यांच्याकडून धान्य उकळले जात होते म्हणून म्हणतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक उपवास करतात आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेतात. मलाखीच्या काळात आंधळी आणि लंगडी जनावरे वेदीवर आणली जात, आणि असला नजराणा तुमच्या सुभेदाराला देऊन पाहा, असे संदेष्टा त्यांना सुनावतो. उलट बाजूने पाहावे तर इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ओठांनी केलेली स्तुती, चांगले करणे आणि आपल्याजवळचे वाटून देणे ही तिन्ही एकाच दमात यज्ञ म्हणून येतात, आणि अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो असे तिथे साफ लिहिले आहे. आपली उपासना देवाला आवडते का हे तपासायचेच असेल, तर रविवारच्या दीड तासाइतकेच, किंबहुना अधिक, सोमवार ते शनिवारकडे पाहावे लागते.

यावर त्यांनी काही भाष्य केले नाही. पुढच्या भेटीत मात्र बसता बसताच त्यांनी एका कंत्राटी कामगाराविषयी सांगितले. त्या मुलाच्या ओव्हरटाइमच्या नोंदीवर यांची सही लागत होती, ठेकेदाराला ती नको होती, आणि वाद टाळण्यासाठी यांनी कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला होता. वहीच्या कोणत्याही पानावर ही गोष्ट नव्हती. ‘म्हणजे देवाने माझे ऐकणे बंद केले ते यामुळेच,’ असे ते लगेच म्हणाले, आणि समुपदेशकाने सावध राहण्याची जागा मला वाटते हीच आहे. सुटका आणि नवी बेडी दोन्ही त्या एका वाक्यात होत्या. मी त्यांना म्हटले की सही करा, कारण त्या मुलाचे पैसे अडले आहेत. देवाला पुन्हा ऐकायला लावण्यासाठी ती करू नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीजवळ असताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा आणि मग येऊन ते अर्पण करावे. अर्पण फेकून द्यायला तो सांगत नाही. ते वेदीपाशीच राहते, आणि परत येणारा माणूस अपेक्षित आहे.

त्यांनी सही केली. ठेकेदार काही दिवस तुसडेपणाने वागला. त्या कामगाराने आभार मानले नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने ते त्याचे हक्काचे पैसे होते. आणि ते तसे होतेच.

मुलीशी बोलणे अजून राहिले होते. तिघेही एकत्र आले, तेव्हा मी शमुवेलाच्या पुस्तकांतले दोन प्रसंग त्यांच्यासमोर ठेवले. शिलो येथे हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत असते, फक्त ओठ हलतात, आणि एली याजक तिला मद्य प्यालेली समजतो. पुढे दावीद राजा कराराच्या कोशासमोर, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीसमोर, सर्व बळाने नाचतो, आणि खिडकीतून पाहणारी त्याची पत्नी मीखल त्याला मनात तुच्छ लेखते. एकाने मूक उपासना चुकीची वाचली, दुसरीने उघड उपासना चुकीची वाचली, आणि दोघेही देवाच्या लोकांतलेच होते. मुलगी हुशार आहे. ‘म्हणजे मी एली झाले आणि पप्पा मीखल,’ हे तिने स्वतःच म्हटले. वडिलांनीही मान्य केले की त्या हॉलमधल्या माणसांविषयी आपल्या मनात आदर नव्हता, धास्ती होती आणि थोडा तिरस्कारही होता.

छापील प्रार्थनेविषयी तिचा आक्षेप खरा होता आणि तो झटकून टाकणे बरोबर झाले नसते. ओठांनी मान देणाऱ्या पण अंतःकरणाने दूर असणाऱ्या लोकांविषयी येशूने यशयाचे शब्द वापरले आहेत, आणि पाठ झालेल्या शब्दांत हा धोका असतो. तो दर आठवड्याला तीच चार स्तुतिगीते त्याच क्रमाने गाणाऱ्या सभेतही असतो, ही गोष्ट तिला पटायला थोडा वेळ लागला. याच शरणपूरच्या इतिहासातली एक गोष्ट मी तिला सांगितली, जी नाशिकच्या ख्रिस्ती मुलांना माहीत असायला हवी असे मला मनापासून वाटते. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात नाशिकला मिशनने शाळा चालवली होती. त्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीसाठी पाठवलेल्या सोबत्यांमध्ये होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली, आणि मग त्या सोबत्यांनी त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत नेला. प्रार्थना पुस्तकातली होती, शब्द दुसऱ्याने लिहिलेले होते. ती मृत होती असे कोण म्हणेल?

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री येशूला हाच वाद विचारते, फक्त तिच्या काळातला: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? तो उत्तर देतो की पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करणारे खरे उपासक असतील, आणि पिता अशांना शोधत आहे. त्या गृहस्थांना या वचनातल्या शेवटच्या भागाने जितका धीर दिला तितका माझ्या कोणत्याही बोलण्याने दिला नाही. ते देवाला परीक्षक समजत होते, आणि इथे तो शोधत निघालेला होता.

त्यांनी पुढच्या महिन्यात प्रभुभोजन घेतले. त्या वेळी विशेष काही वाटले नाही, असे त्यांनी सांगितले, आणि तेही त्यांनी न घाबरता सांगितले. वहीत गुण लिहिणे बंद आहे. आठवड्यातून एकदा ते दोन गोष्टी लिहितात: कोणाचे देणे आपल्याकडे राहिले आहे, आणि कशासाठी देवाचे आभार मानायचे आहेत. कोरडे रविवार अजूनही येतात. मुलगी महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर चर्चला येते, ते कधीमधी तिच्या सभेला जातात, आणि ड्रमच्या आवाजावरून त्यांचे मतभेद कायम आहेत.

ज्यांना हा अनुभव आपला वाटतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगणे आवश्यक आहे. प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागणे, त्यात तास जाणे, झोप उडणे, देवाविषयी नको ते विचार जबरदस्तीने मनात येणे आणि पाळकांनी कितीही समजावले तरी तासाभरात तीच शंका परत येणे, अशी लक्षणे असतील तर तो विश्वासाचा अभाव नसून मंत्रचळासारखा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. घरच्यांनी ‘देव तुझ्यावर रागावलेला नाही’ असे दिवसातून वीस वेळा सांगत राहण्याने ही शंका शमत नाही, उलट ती त्या आश्वासनावर जगते. म्हणून आश्वासन किती द्यायचे आणि कुठे थांबायचे हेही तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.