शटर गेलेलं नाही, मीटरच्या सुईने फसवलं

प्रश्न : वडिलांचा पेंटॅक्स के-१००० बरीच वर्षं कपाटात पडून होता. सोबत एक जुना ऑटो फ्लॅशही सापडला, त्यावर गाईड नंबर २८ असं लिहिलंय. घरातल्या एका वाढदिवसाला आयएसओ ४००चा रोल घालून ३६ फोटो काढले. उजेड कमी होता, मीटरची सुई वर येईना, म्हणून लेन्स पूर्ण उघडून एफ/२वर ठेवली. फ्लॅशच्या तबकडीवर १०० होतं, तिला हात लावला नाही. शटर कधी ६०वर, तर हात हलेल या भीतीने कधी १२५वर. रोल धुऊन आला तर चेहरे पांढरेफटक, आणि ११ फोटोंत एका बाजूला काळा उभा पट्टा. शटर गेलंय, असं मला सांगण्यात आलं. कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?

उत्तर : टाकू नका, निदान आज तरी नाही. तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंत म्हणून कॅमेरा हातात न घेताही सांगता येतंय. पट्टा आणि पांढरे चेहरे हे दोन वेगळे घोटाळे आहेत.

आधी पट्टा. तुमच्या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये कापडाचे दोन पडदे आहेत आणि ते आडवे सरकतात. पहिला सरकला की फिल्म उघडी पडते, मागून दुसरा येऊन ती झाकतो. ६०ला, म्हणजे १/६० सेकंदाला, किंवा त्याहून संथ वेगाला असा एक क्षण येतो, की पहिला पडदा पार पोचलेला असतो आणि दुसरा निघालेला नसतो. पूर्ण चौकट उघडी असते ती तेवढीच. फ्लॅश त्याच क्षणी पेटतो आणि साधारण एक हजारांश सेकंदात, कधी त्याच्याही आत, विझतो. १२५ला पहिला पडदा पोचेपर्यंत दुसरा वाटेत आलेला असतो. त्याने झाकलेल्या भागावर फ्लॅशचा उजेड पडतच नाही. निगेटिव्ह उजेडाकडे धरून बघा : फोटोत जिथे काळं आहे, तिथे निगेटिव्ह जवळजवळ कोरी असेल. ते ११ फोटो १२५चेच असणार, अशी माझी खात्री आहे.

म्हणून के-१०००वर फ्लॅश लावला की शटर ६०वर. ३०ही चालेल, १२५ कधीच नाही. हात हलण्याची भीती सोडा. अंधाऱ्या खोलीत माणूस उजळतो तो फ्लॅशच्या त्या लखलखाटात, आणि तेवढ्या वेळात हात हलायला सवडच मिळत नाही.

हा आकडा प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा असतो. निकॉन एफएमचं शटर धातूच्या पात्यांचं, ती पाती उभी धावतात. तिथे १२५ चालतं. ऑलिंपस ओएम-१ आणि कॅनन एई-१ला ६०, जुन्या झेनिट-ईला तर ३०च. शटरच्या तबकडीवर एखादा आकडा वेगळ्या रंगात असेल किंवा त्याच्याजवळ 'एक्स' असेल, तर ती तुमची मर्यादा.

तरी मनात शंका राहिली तर रोल न घालता मागचं झाकण उघडा. लेन्स पूर्ण उघडी, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे, शटर ६०वर. फिल्म बसते त्या चौकटीतून बघत बटण दाबा. लखलखाटात पूर्ण आयत दिसला पाहिजे. मग १२५वर तेच करा, आयताची एक बाजू कापलेली दिसेल. रोल घालण्याआधी मी हे प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यावर करते. फक्त पडद्याला बोट लावू नका, आणि फ्लॅशच्या काचेकडे थेट बघू नका.

आता पांढरे चेहरे. इथे तुम्हाला मीटरच्या सुईने फसवलं. ती सुई खोलीतला उजेड मोजते. पुढच्या क्षणी फ्लॅश पेटणार आहे हे तिला कळायला काही मार्गच नाही. खोलीत अंधार, म्हणून सुई खाली, म्हणून तुम्ही लेन्स उघडली. फ्लॅश लावल्यावर त्या सुईकडे बघायचंच नाही.

तुमचा फ्लॅश ऑटो आहे. त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटा डोळा आहे. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. पण 'पुरेसा' म्हणजे किती, हे त्याला तुम्ही सांगायचं : फिल्म कितीची आणि लेन्सचं छिद्र किती उघडं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), म्हणजे अ‍ॅपर्चर कोणतं. तबकडी १००वर असताना तो बहुधा एफ/५.६ मागत होता. तुमचा फ्लॅश काय मागतो ते त्याच्या तबकडीवरच वाचा, हिशेबापुरतं ५.६ धरू. तुम्ही लेन्स ठेवली २वर, म्हणजे तीन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). फिल्म आयएसओ १००ऐवजी ४००, म्हणजे उजेडाला चौपट संवेदनशील, म्हणून आणखी दोन. पाच स्टॉप म्हणजे बत्तीसपट उजेड. कलर निगेटिव्ह फार सोशीक असते, दोन स्टॉप जास्त सहज पचवते. पाच नाही. तबकडी ४००वर आणली असती, तर त्याच फ्लॅशने एफ/११ मागितलं असतं.

ऑटो सोयीचं आहे, पण मी शिकणाऱ्याला पहिले दोन रोल मॅन्युअलवरच काढायला लावते. फ्लॅशच्या फोटोत अंतर हेच सगळं आहे, आणि ऑटोवर ते कळत नाही. गाईड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा. तुमचा २८ हा आयएसओ १००चा आणि मीटरमधला आकडा असेल, तर त्याला अंतराने भागा. जे येईल ते अ‍ॅपर्चर. माणूस साडेतीन मीटरवर असेल तर एफ/८. पाच मीटरवर ५.६. अडीच मीटरवर ११. ४००च्या फिल्मला आकडा दुप्पट, म्हणजे ५६ धरायचा. मग पाच मीटरला ११ आणि सात मीटरला ८. टेप घेऊन फिरायची गरज नाही. आधी फोकस करा, मग लेन्सच्या रिंगवर अंतर वाचा. ते तिथे लिहिलेलंच असतं, आणि फ्लॅश वापरायला लागेपर्यंत बहुतेकांनी ते कधी वाचलेलं नसतं.

रिंगवर मीटर आणि फूट दोन्ही असतात, तेव्हा जपून. जुन्या फ्लॅशवर गाईड नंबरही कधी फुटांत असतो. १२० असा भारी आकडा दिसला तर तो फुटांतला समजा. मीटरमध्ये तो ३६-३७च होतो.

हे आकडे उजळ भिंती आणि छत असलेल्या खोलीसाठी काढलेले असतात. रात्री उघड्यावर परत येणारा उजेड नसतो, तिथे एक स्टॉप जास्त उघडा. निगेटिव्हवर शंका आली की जास्तीकडे झुका. स्लाइड फिल्मवर मात्र असं करू नका.

प्रश्न : माझ्या जुन्या ट्विन लेन्स रिफ्लेक्सला (वर-खाली दोन लेन्स असलेला कॅमेरा) फ्लॅशची वायर लावली. फ्लॅश दर वेळी पेटला, पण रोल पूर्ण कोरा. लेन्सजवळ एक खटका आहे, त्यावर व्ही, एम, एक्स लिहिलंय.

उत्तर : खटका एमवर होता ना? माझाही एक अख्खा रोल असाच गेला होता, आणि त्यात जे होतं ते परत काढता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे मी प्रत्येकाला सांगते.

एम हा जुन्या फ्लॅश बल्बसाठी आहे. बल्ब पेटून पूर्ण तेजाला पोचायला सुमारे २० मिलिसेकंद घेतो, म्हणून कॅमेरा त्याला आधी पेटवतो आणि शटरची पाती मागून उघडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश थांबत नाही. पाती उघडायच्या आतच तो विझलेला असतो. खटका एक्सवर ठेवा, आणि चुकून सरकणार नाही अशी छोटी चिकटपट्टी लावा. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. जुन्या कॅमेऱ्यात तो अडकलेला असण्याचा संभव असतो, त्याला हात न लावलेला बरा.

एक मात्र तुमच्या कॅमेऱ्यात आहे, जे वरच्या पत्रातल्या कॅमेऱ्यात नाही. तुमचं शटर लेन्सच्या आत, पात्यांचं आहे. ते मधून उघडतं आणि पूर्ण चौकट एकदम उजळते, म्हणून ५००लाही फ्लॅश चालतो. ऊन माणसाच्या पाठीमागून येत असेल तेव्हा याचा उपयोग करा. मागच्या उजेडाला शटर २५० आणि एफ/८ लागत असेल, तर तसंच ठेवा. फ्लॅशच्या हिशेबाने त्या अंतराला ५.६ येत असेल, तर एफ/८वर तो एक स्टॉप कमी पडेल, आणि तेच हवं आहे. चेहऱ्यावरची सावली हलकी होते, पण फ्लॅश मारल्याचं जाणवत नाही. मला हे फोटो फार आवडतात.

प्रश्न : काही वर्षं बंद असलेला फ्लॅश सरळ चालू करू का? आणि तोच डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का?

उत्तर : आधी सेलचा कप्पा बघा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नवे सेल घालून चालू करा, दिवा लागला तरी लगेच फोटो घेऊ नका. काही मिनिटं तसाच राहू द्या, मग अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने आठ-दहा वेळा पेटवा. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, पडून सुस्तावलेला असतो, तो असा हळूहळू जागा होतो. एरवीही दिवा लागल्यावर चार-पाच सेकंद थांबत जा. कपॅसिटर पूर्ण भरण्याच्या आधीच दिवा लागतो.

डिजिटलवर मात्र मोजल्याशिवाय लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या, कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पायाच्या मधल्या टोकावर २०० व्होल्टच्या वर दाब असतो. के-१०००सारख्या कॅमेऱ्यात धातूला धातू टेकतो, त्याला ते सोसतं. डिजिटलमधल्या नाजूक सर्किटला सोसेलच असं नाही. फ्लॅश भरल्यावर मल्टिमीटरची एक तार मधल्या टोकाला आणि दुसरी बाजूच्या पट्टीला लावून आकडा बघा, आणि तो तुमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडा. फ्लॅश खोलून आत डोकावू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा दाब बराच वेळ टिकून राहतो.