घरात कोणीच कॉलेजला गेलेलं नाही, बी.ए.ला आहे, कोल्हापुरात राहून इतिहासाचा प्राध्यापक होता येईल का?

हो, नक्की होता येईल. इतिहासात किमान ५५ टक्क्यांनी एम.ए. करा (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट पास व्हा (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा, नेट देशपातळीवरची, सेट राज्याची). मी इथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवते, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं तुमच्यासारखीच घरातली पहिली. एम.ए. शिवाजी विद्यापीठातच होईल. सेटचा पेपर मराठीतही असतो, नेटचा फक्त इंग्रजी-हिंदीत. तरी नेट सोडू नका, कारण त्यातच जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळू शकते, आणि ती मिळाली की महिना ३७,००० रुपयांत पीएच.डी.चा खर्च घरावर पडत नाही. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, पण मुलाखतीत तिचं वजन पडतंच.

आणि मोडी लिपी आत्ताच शिका, हे अगदी मनापासून सांगते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदपत्रांचे गठ्ठे, आहेत. जोडाक्षरं सुटायला लागली की शाहूकाळातला एखादा हुकूम स्वतः वाचता येतो, आणि संशोधनाचा विषय तिथंच सापडतो.

एक मात्र ध्यानात ठेवा: कायम जागा कमी निघतात. सुरुवातीची काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जाऊ शकतात, त्यात सुट्टीतले पैसे मिळत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.