फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

ताई, तुमच्या बाबांच्या लॅपटॉपला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दुकानदाराने दोन्हींना मिळून 'व्हायरस' म्हणून फॉरमॅट मारायला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय. तुम्ही लिहिलंय की गेला महिनाभर क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चपान येतं, आणि परवा अचानक लाल पडदा, भोंगा आणि 'तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असा बाईचा आवाज. तुम्ही जे सांगितलंय त्यावरून तरी फॉरमॅटची गरज दिसत नाही. आपल्या इंदूरच्या जेल रोडवर काय, राजेंद्रनगरात काय, फॉरमॅट मारणं दुकानदाराला सोपं पडतं. शोधाशोध करत बसायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

लाल पडदा म्हणजे नुसतं वेबपान. वेबपानाला तुमची हार्ड डिस्क तपासताच येत नाही, त्यामुळे 'ट्रोजन (म्हणजे व्हायरससारखाच घातक प्रोग्रॅम) सापडला' असलं वाक्य बाबांनी ते पान उघडण्याआधीच तिथे लिहून ठेवलेलं होतं. ते पान फुल स्क्रीन होतं, बंद करायची फुली आणि खालची पट्टी दिसेनाशी होते, आणि माणसाला वाटतं मशीनच लॉक झालं. एस्केपचं बटण दाबून धरायचं. नाही सुटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजरमध्ये क्रोम निवडायचं, एंड टास्क. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं रिस्टोअर करू का' असं विचारेल, तिथे नाही म्हणायचं. झालं, आजार गेला.

तरी धाकधूक वाटत असेल तर स्टार्टमधून 'विंडोज सिक्युरिटी' स्वतः उघडा आणि प्रोटेक्शन हिस्टरी बघा. खरंच काही पकडलं असेल तर त्याची नोंद तिथे असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

एक गोष्ट मात्र बाबांना न रागावता विचारा: त्या नंबरवर फोन केला होता का? खरा धोका तिथून सुरू होतो. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क किंवा तसलंच, लांबून तुमचं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर टाकायला लावतो, विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर (मशीनच्या बारीकसारीक नोंदींची यादी) उघडून त्यातल्या लाल खुणा दाखवतो (त्या प्रत्येक धडधाकट मशीनमध्ये असतात) आणि मग पैसे मागतो. असं झालं असेल तर इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. त्या परिस्थितीत मीही फॉरमॅटला नाही म्हणणार नाही. हा धंदा लांब कुठे चालतो असंही समजू नका, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना फोनवर धमकावून लुबाडणारं कॉल सेंटर आपल्या इंदूरमध्येच पकडलं होतं.

आता सर्चपानाचं. हा हायजॅकर, म्हणजे ब्राउझरच्या सेटिंग्ज परस्पर बदलणारा प्रोग्रॅम, आणि हा खरोखर आत शिरलेला आहे. तो आरडाओरडा करत नाही, घाबरवत नाही, कारण त्याची कमाई तुम्ही गुपचूप त्याच्या पानावरून शोधत राहण्यात आणि तिथल्या जाहिरातींवर क्लिक करण्यात असते. म्हणून तर महिनाभर चालला. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ प्लेअर टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबलं की असले पाहुणे सोबत येतात.

आधी क्रोमची एक्स्टेन्शन्स (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघा, ओळखीचं नाही ते काढा. मग सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन आणि 'ऑन स्टार्टअप' तपासा. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅम तारखेनुसार लावा. भानगड सुरू झाली त्या सुमारास काय आलं ते लगेच दिसेल. एवढं करूनही पान परत येत असेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट'च्या रकान्यात ओळीच्या शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असतो. तेवढा खोडायचा. ही जागा दुकानदारसुद्धा विसरतात. क्रोमच्या मेनूत अगदी तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं दिसतंय का, तेही बघा. घरच्या लॅपटॉपला कसली संस्था? कधीकधी अँटिव्हायरसमुळेही ते येतं, पण बहुतेकदा हायजॅकरने पॉलिसी, म्हणजे सेटिंग्ज बदलू न देणारा नियम, घातलेली असते, आणि मग नुसतं रिसेट करून भागत नाही.

तिसरा प्रकार तुमच्याकडे आहे की नाही कळत नाही, पण लोक सगळ्यात जास्त गोंधळतात तो यातच. उजव्या कोपऱ्यात सारख्या 'व्हायरस सापडला' अशा चौकटी येतात. कधीतरी 'तुम्ही रोबोट नाही, अलाउ दाबा' म्हणणाऱ्या साइटला आपणच परवानगी दिलेली असते. चौकटीवर बारीक अक्षरात क्रोमचं आणि त्या साइटचं नाव असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतून ती साइट काढली की चौकटी बंद.

मोफत सफाईची साधनं हवी असतील तर सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. ते सुरू झालं २०१७ मध्ये, म्हणजे आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिल्यांदा पहिलं आलं त्याच वर्षी, पण त्याचं नाव मात्र इथे फारसं कोणी घेत नाही.

आणि हो, बाबांचं गूगल अकाउंट दुसऱ्या कॉम्प्युटरवरही चालू असेल तर ते एक्स्टेन्शन तिथूनही काढा. नाहीतर सिंक होऊन संध्याकाळपर्यंत परत येईल. यादीत काय काय दिसतंय ते लिहा, मी सांगतो कोणतं ठेवायचं.