पेटीवरून कीबोर्डवर: पांढरी एकच्या पुढे मेजर स्केल का अडतं

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं पेटी वाजवताय, आता ऐरोलीत घरी कीबोर्ड घेतलाय. पांढरी एकचं (सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या C पासून वेगवेगळ्या मोजायच्या, C म्हणजे पांढरी एक) मेजर स्केल उजव्या हाताने छान येतं, पण पांढरी चार घेतली की बोटं मधेच संपतात, आणि दोन्ही हात एकत्र तर जमतच नाहीत. क्लासमधले सर म्हणतात, 'ट्रान्सपोजचं बटण दाबा ना, कशाला त्रास?' ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मेजर स्केल म्हणजे शुद्ध स्वर, बिलावल थाट, ग-म आणि नी-सां मध्ये अर्धा स्वर, बाकी सगळीकडे पूर्ण, हे पेटीवाल्याला सांगत बसत नाही. आधी बटणाचंच बोलू: ते दाबलं की बोटं त्याच जागी राहतात आणि आवाज दुसऱ्या पट्टीत निघतो.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये मी वर्षाची फी एकरकमी भरून शिकत होतो. नाव घेत नाही, असे क्लास पुष्कळ आहेत. गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, बटण दाबायचं आणि स्टिकर लावलेल्या पांढऱ्यांवरच वाजवायचं. अंगठा इथेच का येतो असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पुस्तकात बोटांचे आकडे छापलेत, घोकून टाका. महिन्याभरात घरच्यांना एक गाणं ऐकवता आलं पाहिजे, एवढाच हिशेब. मग एका शाळेच्या स्नेहसंमेलनात साथीला बोलावणं आलं. हॉलमध्ये जुना लाकडी पियानो, त्याला कुठलं आलंय बटण! मुलीची पट्टी काळी चार. मी एकेक सूर चाचपडत राहिलो, शेवटी तबलजीनेच गाणं ओढून नेलं. उरलेल्या महिन्यांची फी मागायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी पावती उलटी करून मागचा बारीक मजकूर दाखवला. शिकवणाऱ्यांनी त्या काळात केबिनबाहेर येणंही टाळलं. पैशांचं सोडा, वाजवायची सवय इतकी बिघडली होती की ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

बटण वाईट आहे असं नाही. गायकाचा घसा ऐनवेळी बसला तर तेच देवासारखं धावून येतं. पण शिकताना नको. कानाला एक पट्टी ऐकू येते, डोळ्यांना दुसरी दिसते.

आता कामाचं. (मी शिक्षक नाही, नोकरी सांभाळून वाजवणारा आहे. तुमच्या गुरूंचं वेगळं मत असेल तर त्यांचं ऐका.)

पूर्वांग-उत्तरांग तुम्हाला माहीत आहे, तेच इथे वापरायचं. सा रे ग म आणि प ध नी सां, दोन्हींचा साचा एकच: पूर्ण, पूर्ण, अर्धा. मधे म ते प पूर्ण. म्हणून पांढरी एकचं उत्तरांग हेच पांढरी पाचचं पूर्वांग. त्याला फक्त नवं उत्तरांग जोडा: पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच. नवी काळी एकच आली, तीही निषादाच्या जागी. तेच उत्तरांग पुढे पांढरी दोनचं पूर्वांग होतं आणि तिथे काळी एक वाढते. षड्ज-पंचम भावाने (दर वेळी पंचमालाच नवा षड्ज धरून) असं चालत राहिलं की दर पट्टीला एक काळी वाढते, पांढरी सातपर्यंत पाचही काळ्या हाताखाली येतात. पांढरी चार उलट दिशेला लागते, तिचा मध्यम काळी पाच.

तुमची बोटं तिथेच संपतायत. अंगठा १, करंगळी ५ असं मोजा. सात स्वर तीन आणि चार अशा दोन गटांत वाजतात, आणि ज्या स्केलमध्ये पांढऱ्या आहेत तिथे अंगठा काळीवर टाकायचा नसतो. पांढरी एक, दोन, पाच यांना उजव्या हाताने १-२-३, मग मध्यमावर अंगठा आणि १-२-३-४. पांढरी चारला मध्यमच काळा. म्हणून तिथे आधी चारचा गट, १-२-३-४, आणि अंगठा पंचमावर. एवढंच कोणी सांगितलं असतं तर माझं निम्मं रडगाणं वाचलं असतं.

दोन्ही हातांचं दुखणं वेगळं आहे. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्याला स्वर माहीतच नाहीत. त्याला आधी एकट्यालाच बसवा, ५-४-३-२-१, मग ३-२-१. शिवाय पांढरी एक दिसायला सोपी, पण चढताना उजवा अंगठा मध्यमावर येतो आणि डावा पंचमावर, त्यामुळे गोंधळ होतोच. एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक आणि संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांना आधी पांढरी सातचं मेजर द्यायचा, कारण लांब बोटं काळ्यांवर आपसूक बसतात. त्यात दोन्ही अंगठे मध्यमावर आणि वरच्या षड्जावर एकत्रच पडतात. डाव्या हाताने ४-३-२-१, ४-३-२-१. मी तर म्हणेन तिथूनच सुरू करा. ग्रेडची परीक्षा देणार असाल तर मात्र आधी अभ्यासक्रमातली स्केल्स, ती पाठ लागतात.

पांढरी एकच वाजवायची असेल तर दोन्ही अंगठे मधल्या षड्जावर ठेवून हात एकमेकांपासून दूर न्या. दोन्हीकडे बोटं सारखीच पडतात.

जाता जाता: तानपुऱ्यावर कान तयार असेल तर कीबोर्डचा गांधार चढा वाटेल. तो खरंच सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) चढा असतो, सप्तकाचे १२ सारखे भाग केल्यामुळे. वाद्य बिघडलं म्हणून दुकानात नेऊ नका. एक्स आकाराचा स्टँड हलत असेल तर तो मात्र बदला. मनगट दुखलं तर थांबा.

क्लास बदलणार असाल तर महिन्याची फी घेणारा बघा, आणि पैसे देण्याआधी पावतीची मागची बाजू वाचा.