वाचकांचे प्रश्न : चौकातील कलाकृती कोणाची?

प्रश्न : आमच्या शहरातील मुख्य चौकाच्या नूतनीकरणात लोकसहभागातून कलाकृती उभारायची आहे. सूचनापेटीत आलेल्या कल्पना शिल्पकाराकडे सोपवणे पुरेसे होईल का?

उत्तर : माझ्या मते नाही. सूचनापेटीतून अपेक्षा कळतात, पण निवडीची जबाबदारी कोणीच घेत नाही आणि शेवटी बहुधा कारंजे किंवा पुतळाच उरतो. कोपनहेगनमधील नोरेब्रो या बहुवांशिक वस्तीत 2012 मध्ये खुल्या झालेल्या ‘सुपरकिलेन’ या सार्वजनिक जागेचे उदाहरण पाहावे. तेथे ‘सुपरफ्लेक्स’ या कलाकारगटाने रहिवाशांना आपापल्या मूळ देशातील किंवा प्रवासात पाहिलेली एखादी वस्तू सुचवण्यास सांगितले. इतकेच नव्हे, तर काही रहिवाशांना सोबत घेऊन पॅलेस्टाईन, थायलंड, जमैका, स्पेन आणि टेक्सास येथे प्रत्यक्ष प्रवास केला. त्यातून पॅलेस्टाईनची माती, थाई मुष्टियुद्धाचा आखाडा, जमैकाची ध्वनियंत्रणा अशा गोष्टी आल्या. काही मूळ स्वरूपात आणल्या, काहींच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या. प्रत्येक वस्तूजवळ जमिनीत बसवलेल्या पट्टीवर तिची माहिती डॅनिशमध्ये आणि तिच्या मूळ भाषेत दिली आहे. या प्रकल्पाला 2016 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

परदेशवारीचा खर्च आपल्याला अर्थातच नको. मात्र चौकातील भाजीविक्रेते, रिक्षाचालक आणि जुने रहिवासी यांचा छोटा गट आराखड्यापूर्वीच नेमून त्याला अंतिम निवडीत मत द्यावे, आणि देखभालीची तरतूद निविदेतच लेखी करून घ्यावी.